लाईट गेली-आली की विंडोज गेस्टला आठाऐवजी दोनच सीपीयू दिसतात: कारण आणि कायमचा उपाय

देवगड तालुक्यात माझं एक गिऱ्हाईक आहे, आंब्याचं पॅकिंग हाऊस. मार्च ते मे तिथे कुणाला मान वर करायला फुरसत नसते. टेम्पो दारात उभा, चालकाला पहाटेपर्यंत वाशी गाठायची असते, आणि पेट्यांचं बिल निघाल्याशिवाय गाडी हलत नाही. बिलिंगचं सॉफ्टवेअर विंडोज ११ प्रोच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे गेस्टमध्ये चालतं, खाली केव्हीएम (व्हर्च्युअल मशीन चालवायची लिनक्सची सोय) आणि लिबव्हर्ट (ती मशीन सांभाळणारं सॉफ्टवेअर). डेटाबेस म्हणजे एसक्यूएल सर्व्हरची फुकट मिळणारी एक्सप्रेस आवृत्ती. गेस्ट ज्यावर चालतो ते खरे संगणक, म्हणजे होस्ट, दोन आहेत. मुख्य होस्ट आठ कोर, सोळा थ्रेडचा. राखीव होस्ट जुना, सहा कोरचा, त्यात हायपरथ्रेडिंग (एका कोरचे दोन थ्रेड दाखवणं) नाही. तो मोठ्या इन्व्हर्टरवर आहे, आणि डिस्कची प्रत दोन्हीकडे सतत जुळवली जाते. मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं, तेव्हापासून मी कुठल्याच गिऱ्हाइकाला एका होस्टच्या भरवशावर ठेवत नाही.

गेल्या मोसमात तिथून तीनदा तोच फोन आला. बिलिंगला बसणाऱ्या ताई म्हणाल्या, "दादा, लाईट इली, पण मशीन परत तसाच चलता हा." म्हणजे चालू आहे, पण रडतरखडत. एरवी चुटकीसरशी निघणारं बिल मिनिटभर अडकतं, आणि रात्री मी हात घातला की सकाळी सगळं ठीक. पुढच्या वेळी माडाची झावळी तारेवर पडली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. यामागे एक नाही, एकात एक अडकलेली तीन कारणं होती. तशा जोडणीवर काम करणाऱ्या कुणालाही ती भेटू शकतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिली खूण टास्क मॅनेजरमध्येच मिळते

परफॉर्मन्स टॅबवर सीपीयूचा आलेख उघडला की उजवीकडे सॉकेट (प्रोसेसर बसवायची जागा) किती आणि व्हर्च्युअल प्रोसेसर किती ते लिहिलेलं असतं. गेस्टला मी आठ व्हीसीपीयू (व्हर्च्युअल सीपीयू) दिले होते. दुखण्याच्या दिवशी तिथे सॉकेट २, व्हर्च्युअल प्रोसेसर २ असं होतं. बाकीचे सहा गेले कुठे? ते कुठेही गेलेले नव्हते. विंडोज ते वापरायलाच तयार नव्हती.

लिबव्हर्टच्या डोमेन फाईलमध्ये, म्हणजे गेस्टच्या व्याख्येत, तुम्ही टोपॉलॉजी (सॉकेट, कोर, थ्रेड यांची मांडणी) लिहिली नाही, नुसतं आठ व्हीसीपीयू एवढंच लिहिलं, तर तो गेस्टला आठ सॉकेट आणि प्रत्येकात एकच कोर असं चित्र दाखवतो. लिनक्सला त्याचं फारसं काही वाटत नाही. पण विंडोज ११ प्रो जास्तीत जास्त दोन सॉकेट वापरते, होम आवृत्ती एकच. कोर कितीही असोत, सॉकेटवर मर्यादा आहे. त्याच्यावर एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेसची स्वतःची अट: एक सॉकेट किंवा चार कोर, यातलं जे कमी असेल ते. प्रत्येक सॉकेटमध्ये एकच कोर म्हटल्यावर डेटाबेसच्या वाट्याला अख्ख्या आठातला एक सीपीयू आला. ताईंची तक्रार शंभर टक्के खरी होती.

(लिबव्हर्ट न वापरता थेट क्यूईएमयू, म्हणजे गेस्टचं मशीन उभं करणारा प्रोग्राम, चालवणाऱ्यांसाठी: ६.२ पासूनच्या नव्या मशीन टाईपमध्ये (गेस्टला दाखवायच्या हार्डवेअरच्या आवृत्तीत) क्यूईएमयू सॉकेटपेक्षा कोरना पसंती देतो, त्याआधी उलटं होतं. मशीन टाईपचा आकडा न लिहिता चालवणाऱ्याच्या गेस्टची टोपॉलॉजी अशा अपग्रेडमध्ये आपोआप बदलते. म्हणून तो आकडा लिहूनच ठेवावा.)

मुख्य होस्टवरच्या फाईलमध्ये मी एक सॉकेट, चार कोर, दोन थ्रेड असं केव्हाच लिहून ठेवलं होतं. राखीव होस्टवरची फाईल मात्र पहिल्या दिवशी केलेली होती, टोपॉलॉजीशिवाय. लाईट गेली की गेस्ट मुख्य होस्टवर बंद होऊन राखीववर उठायचा आणि आठ सॉकेटचा व्हायचा. हे पहिलं कारण. डिस्कची प्रत जुळवण्यात मी इतका गुंतलो होतो की डोमेनच्या व्याख्येची प्रत शिळी झाल्याचं माझ्या लक्षातच आलं नाही.

मग मी चुकीच्या जागी रीस्टार्ट केलं

कारण कळल्यावर मी लगेच राखीव होस्टवर व्हर्श (लिबव्हर्टला आज्ञा द्यायचं साधन) एडिटने फाईल सुधारली. गेस्ट तेव्हा तिथेच चालू होता. ताईंना फोनवर म्हटलं, विंडोज रीस्टार्ट करा. केलं. टास्क मॅनेजरमध्ये तरीही दोनच सीपीयू.

गेस्टच्या आतून रीस्टार्ट केलं की होस्टवरची क्यूईएमयू प्रक्रिया मरत नाही. ती तीच राहते, फक्त आतलं मशीन नव्याने बूट होतं. टोपॉलॉजी ठरते ती प्रक्रिया सुरू होताना, त्यामुळे फाईलमधला बदल लागू व्हायला गेस्ट पूर्ण बंद होऊन होस्टवरून पुन्हा सुरू व्हावा लागतो. हे दुसरं कारण. हे ताडून पाहायची सोपी पद्धत आहे. व्हर्श डंपएक्सएमएल साधं चालवलं की आत्ता चालू असलेली व्याख्या दिसते, आणि इनॲक्टिव्ह पर्याय देऊन चालवलं की पुढच्या वेळी लागू होणारी. दोन्हीतला टोपॉलॉजीचा भाग शेजारी ठेवून बघा. वेगळे दिसले तर बदल अजून दारातच उभा आहे.

भर मोसमात दुपारी मशीन पूर्ण बंद करायला कोण परवानगी देणार? मी म्हटलं, राहू दे, पुढच्या वेळी लाईट जाईल तेव्हा गेस्ट नव्याने सुरू होईलच, तेव्हा बदल लागेल. इथेच माझा अंदाज साफ चुकला, आणि तिसरं कारण निघालं.

झोपवलेला गेस्ट जुनंच चित्र घेऊन उठतो

आठवडाभराने वादळी पाऊस झाला आणि लाईट रात्रभर नव्हती. इन्व्हर्टर दम टाकायला लागला तसा राखीव होस्ट स्क्रिप्टने रीतसर बंद झाला. होस्ट बंद होताना गेस्टचं काय करायचं हे लिबव्हर्ट-गेस्ट्स नावाची सेवा ठरवते. तिचं मूळ सेटिंग लिनक्सच्या वितरणानुसार बदलतं: कुठे शटडाऊन, कुठे सस्पेंड. इथे सस्पेंड होतं. म्हणजे गेस्टची अख्खी मेमरी डिस्कवर उतरवून त्याला झोपवलं गेलं. याला मॅनेज्ड सेव्ह म्हणतात. पहाटे लाईट आली, होस्ट उठला, त्याने गेस्टला जागं केलं, आणि गेस्ट पुन्हा आठ सॉकेटचा.

त्या सेव्ह फाईलमध्ये मेमरीबरोबर त्या वेळची चालू व्याख्याही बांधलेली असते. ते बरोबरच आहे. झोपलेल्या कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) डोक्यात आठ सॉकेट आहेत, उठल्यावर त्याला एक सॉकेट दाखवला तर तो कोसळेल. लिबव्हर्ट त्याला दिलेला शब्द पाळतो. पण आपल्याला वाटत राहतं की रात्रभर बंद होतं म्हणजे नव्याने सुरू झालं असणार.

तपासायला व्हर्श डोमइन्फो चालवा. त्यात मॅनेज्ड सेव्ह अशी ओळ येते, पुढे येस किंवा नो. येस असेल तर व्हर्श मॅनेज्डसेव्ह-डंपएक्सएमएल ही आज्ञा आतली बांधलेली व्याख्या दाखवते. जुनं चित्र फेकून नव्याने उठवायचं तर व्हर्श स्टार्टला फोर्स-बूट हा पर्याय द्यायचा. मात्र तो देणं म्हणजे चालू मशीनची तार उपटण्यासारखं आहे: मेमरीतलं न लिहिलेलं सगळं जातं. डेटाबेस असलेल्या गेस्टला आधी नीट जागं करावं, आतून शटडाऊन करावं, मगच नव्याने सुरू करावं. मी तेच केलं.

आता याच जागेचा एक मोठा धोका सांगतो. दोन होस्ट असतील तर हा परिच्छेद दोनदा वाचा. राखीव होस्टवर झोपवलेल्या गेस्टची सेव्ह फाईल तशीच पडून आहे आणि तोच गेस्ट तुम्ही मुख्य होस्टवर सुरू केलात, तर डिस्क पुढे जाते. नंतर कधी राखीव होस्टने ती जुनी मेमरी जागी केली, तर जुन्या मेमरीतली फाईलसिस्टिमची समज आणि आजची डिस्क यांचा मेळ बसत नाही, आणि गेस्ट आपल्याच डिस्कवर आंधळेपणाने लिहीत सुटतो. मोसमाचा हिशेब एका झटक्यात जाऊ शकतो. म्हणून मी दोन्ही होस्टवर ती सेवा शटडाऊनवर आणून ठेवली, आणि गेस्ट सुरू करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये आधी दुसऱ्या होस्टवरची मॅनेज्ड सेव्हची ओळ तपासायची अट घातली. ती येस आली, किंवा दुसऱ्या होस्टकडून उत्तरच आलं नाही, तर स्क्रिप्ट थांबते.

दोन्ही होस्टवर खरी ठरेल अशीच टोपॉलॉजी

तिन्ही कारणं हातात आल्यावर मोह होता की मुख्य होस्टवरची फाईल जशीच्या तशी राखीववर टाकावी. तेही चुकलं असतं. त्या फाईलमध्ये दोन थ्रेड लिहिलेले होते आणि राखीव होस्टला हायपरथ्रेडिंगच नाही. गेस्टचा शेड्यूलर (कुठलं काम कुठल्या सीपीयूवर हे ठरवणारा भाग) समजणार की व्हीसीपीयू ० आणि १ एकाच कोरची जुळी भावंडं आहेत, म्हणून जड काम तो त्यांच्यात वाटायचं टाळणार, दुसरा कोर शोधणार. प्रत्यक्षात तिथे भावंडं नाहीत. गेस्ट चुकीच्या नकाशावर प्रामाणिकपणे चालत राहतो.

शिवाय पिनिंगचा घोळ. मुख्य होस्टवर मी व्हीसीपीयू होस्टच्या ठरावीक सीपीयूंना बांधले होते, त्यात ८, ९ असे क्रमांक होते. सहा कोरच्या होस्टवर ते क्रमांकच नाहीत, गेस्ट सुरूच झाला नसता. लिबव्हर्ट अशा वेळी सीपीयू ॲफिनिटी, म्हणजे ही बांधणी, लावता आली नाही म्हणून थांबतो.

ज्या गेस्टला दोन वेगळ्या घडणीच्या होस्टवर फिरायचंय, त्याला थ्रेड सांगूच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. मी एक सॉकेट, चार कोर, एक थ्रेड ठेवलं. आठाचे चार व्हीसीपीयू केल्यावर मालकांना आधी धक्का बसला. पण एक्सप्रेस आवृत्ती चार कोरच्या वर जातच नाही, आणि मुख्य होस्टवर हे चारही व्हीसीपीयू चार वेगळ्या खऱ्या कोरवर बसतात. दुसऱ्या दिवशीचा बिलांचा वेग बघून ते स्वतःच गप्प झाले.

एकाच होस्टवर राहणाऱ्या गेस्टला थ्रेड जरूर सांगा, पण मग पिनिंग केलंच पाहिजे, आणि बघून केलं पाहिजे. क्यूईएमयू गेस्टला भावंडं शेजारी-शेजारी दाखवतो: ० आणि १, २ आणि ३. होस्टवर मात्र ती शेजारी असतीलच असं नाही. माझ्या मुख्य होस्टवर ० चा जोडीदार ८ आहे, १ चा ९. व्हीसीपीयू ० ला ० वर आणि १ ला १ वर बांधलं तर गेस्ट ज्यांना एका कोरची भावंडं समजतो ती खाली दोन वेगळ्या कोरवर बसतात, आणि त्याच हिशेबाने व्हीसीपीयू ८ ला ८ वर बांधलं तर ज्यांना तो परके समजतो ते ० आणि ८ खाली एक कोर वाटून घेतात. होस्टवर एलएससीपीयू या आज्ञेला ई पर्याय दिला की कोर स्तंभात जोड्या दिसतात. दोन मिनिटांचं काम आहे.

थ्रेड लपवण्याची एक किंमतही आहे, ती लपवत नाही. तसं थ्रेड दाखवले तरी लिनक्स गेस्टमध्ये प्रोसेसरच्या दोषांच्या यादीत, एमडीएस (माहिती गळण्याचा एक दोष) असलेल्या प्रोसेसरवर त्या ओळीला, शेवटी 'एसएमटी होस्ट स्टेट अननोन' असंच लिहून येतं; एसएमटी म्हणजे हायपरथ्रेडिंगच. कर्नल कबूल करतो की खाली भावंडं आहेत की नाहीत हे मला कळू शकत नाही. पण लिनक्स ५.१४ मध्ये आलेलं कोर शेड्यूलिंग गेस्टच्या आत वापरायचं असेल, परक्या कामांना एका कोरवर येऊ द्यायचं नसेल, तर गेस्टला खरी टोपॉलॉजी हवीच. पॅकिंग हाऊसच्या बिलिंगला ती गरज नाही. अनेक अनोळखी लोकांची कामं एका गेस्टमध्ये चालवणाऱ्याला आहे.

याच घरातली आणखी काही दुखणी

एएमडीच्या होस्टवर थ्रेड दोन लिहूनही गेस्टला ते कोरच दिसत असतील, तर टॉपोएक्स्ट हे सीपीयूचं वैशिष्ट्य डोमेन फाईलमध्ये रिक्वायर म्हणून लिहा. ते नसेल तर क्यूईएमयू लॉगमध्ये तशी सूचनाही देतो, पण लॉग उघडून बघणारे थोडे.

गेस्टला दोन न्यूमा नोड (सीपीयू आणि त्यांच्या जवळची मेमरी यांचे गट) दिले आणि सॉकेट मात्र एकच ठेवला, तर लिनक्स गेस्ट बूट होताना तक्रार करतो: अमुक सीपीयूचं एलएलसी (शेवटची कॅशे वाटून घेणारं) भावंड त्याच नोडवर नाही, म्हणून हे नातं सोडून देतोय. अशी ओळ दिसली तर नोड आणि सॉकेट यांचा मेळ बसवा. एका नोडला एक सॉकेट ही साधी वाट.

कोरची संख्या दोनच्या घातात नसेल, समजा दोन सॉकेट आणि प्रत्येकी सहा कोर, तर दुसऱ्या सॉकेटचा पहिला एपिक क्रमांक (सीपीयूचा हार्डवेअरमधला क्रमांक) ६ नसतो, ८ असतो. सहा कोरांना तीन बिट राखून ठेवावे लागतात, त्यामुळे ६ आणि ७ रिकामे राहतात. हा बिघाड नाही. क्रमांक सुटलेले बघून रात्र जागवू नका.

चालू गेस्टला सीपीयू वाढवायचे असतील तर

मोसमात लिनक्स गेस्टसाठी ही मागणी हमखास येते. व्हर्श सेटव्हीसीपीयूजने चालू गेस्टला सीपीयू जोडता येतात, पण संख्याच बदलते, नकाशा नाही. नकाशा सुरुवातीलाच कमाल संख्येचा आखलेला असतो. म्हणून फाईलमध्ये कमाल आठ आणि सध्या चार असं लिहावं, आणि सॉकेट, कोर, थ्रेड यांचा गुणाकार कमाल संख्येइतकाच यायला हवा. नाही आला तर लिबव्हर्ट टोपॉलॉजी कमाल व्हीसीपीयूंशी जुळत नाही म्हणून नकार देतो. तो नकार चांगला आहे, त्याला वळसा घालू नका.

जोडलेला सीपीयू गेस्टमध्ये दिसतो पण कामाला लागत नाही, अशीही तक्रार असते. तो आत ऑफलाईन पडलेला असतो. सिसएफएसमधल्या (कर्नलची सेटिंग्ज फाईलच्या रूपात दाखवणाऱ्या जागेतल्या) त्याच्या ऑनलाईन फाईलमध्ये १ लिहिला की जागा होतो. थ्रेड दोन असतील तर जोडीने वाढवा, नाहीतर एक कोर अर्धाच राहतो. आणि ज्या प्रोग्रामने सुरू होताना सीपीयू मोजून कामगार ठरवलेत, उदाहरणार्थ वर्कर ऑटोवर ठेवलेला एनजिनएक्स वेब सर्व्हर, त्याला नवे सीपीयू आपण होऊन कळत नाहीत. त्याला नुसतं रीलोड पुरत नाही, पूर्ण रीस्टार्ट करावं लागतं.

गेस्टला बदल झाल्याचं सांगताच येत नाही का?

मालकांच्या मुलाने मला हाच प्रश्न विचारला होता, आणि प्रश्न रास्त आहे. आपल्या नेहमीच्या एक्स८६ प्रोसेसरवर गेस्ट टोपॉलॉजी सीपीयूआयडी या सूचनेतून वाचतो, ती बूट होताना किंवा एखादा सीपीयू जागा होताना. त्यावरून कर्नल शेड्यूलरची उतरंड बांधतो. नंतर खाली काही बदललं तर गेस्टला 'पुन्हा वाच' म्हणून हाक मारायची सोय नाही. त्यामुळे चालू गेस्टखालचा नकाशा बदलायचा नाही, एवढाच सुरक्षित मार्ग उरतो.

आयबीएमच्या झेड मेनफ्रेमवर मात्र ती सोय घडणीतच आहे, आणि ती समजून घेतली की वरचं सगळं जास्त उलगडतं. तिथे टोपॉलॉजी बदलली की एक खूण वर होते. गेस्टमधला लिनक्स पीटीएफ नावाच्या सूचनेने ठरावीक काळाने, एरवी मिनिटाला एकदा, विचारतो: मागच्या वेळेपासून काही बदललं का? होकार आला की तो एसटीएसआय सूचनेने नवी टोपॉलॉजी वाचतो आणि आपली उतरंड पुन्हा बांधतो. त्या फेरीत खूण उतरते. केव्हीएममध्ये गेस्टसाठी हा आधार लिनक्स ६.० पासून आहे, आणि क्यूईएमयूची बाजू ८.२ मध्ये, २०२३ च्या डिसेंबरात आली. क्रम इथे जिवाचा आहे: होस्टने आधी नवी टोपॉलॉजी मांडायची, मग खूण वर करायची. उलटं केलं तर गेस्ट मधल्या क्षणात जुनंच वाचून खूण उतरवेल आणि नवा बदल त्याला कधीच कळणार नाही.

आमच्या पॅकिंग हाऊसमध्ये अशी खूण नाही, म्हणून ते काम आता एक छोटी स्क्रिप्ट करते. गेस्ट कुठल्याही होस्टवर उठला की ती तीन ठिकाणची टोपॉलॉजी घेते: चालू व्याख्या, पुढच्या वेळची व्याख्या, आणि गेस्ट एजंटकरवी (गेस्टच्या आत चालून होस्टला उत्तरं देणारा छोटा प्रोग्राम) खुद्द विंडोजने मोजलेले सॉकेट आणि प्रोसेसर. तिन्ही जुळले तर गप्प बसते. एक जरी वेगळं निघालं तर मला मेसेज येतो, ताईंच्या फोनच्या आधी. फाईलमध्ये बदल करायचा झाला तर मी तो मुख्य होस्टवर करतो, तिथून व्याख्या काढून लगेच राखीववर डिफाईन करतो, आणि रात्री शेवटचा टेम्पो गेला की गेस्ट पूर्ण बंद करून दोन्हीकडे एकेकदा उठवून बघतो.